कॉम्प्सोग्नेथस आणि त्याच्या पोटातला सरडा

गारगोटी (धागालेखिका)

मागच्या आठवड्यात 'सगळ्यात लहान डायनोसॉर कोणता' या धाग्यावर मी छातीठोकपणे कॉम्प्सोग्नेथसचं नाव घेतलं आणि तिघांनी मला लगेच खोडून काढलं. त्यांचं बरोबर होतं, तो मान या प्राण्याकडून कधीच गेलाय. पण त्या निमित्ताने पुन्हा वाचायला बसले आणि लक्षात आलं, की लहान असणं ही याच्याबद्दलची सगळ्यात कमी मजेची गोष्ट आहे. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

आधी भांडवल किती ते सांगते. नीट सांगाडे म्हणावेत असे दोन. एक जर्मनीतल्या बव्हेरियातला, दुसरा दक्षिण फ्रान्समधला. दोन्ही ज्युरासिकच्या अगदी शेवटच्या टप्प्यातले, म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे. बव्हेरियातला अंदाजे ८९ सेंटिमीटर लांब, फ्रान्समधला सव्वा मीटर. त्यातही बरीचशी शेपूटच. वजनाचे अंदाज एक किलोच्या आतून सुरू होतात ते साडेतीन किलोपर्यंत जातात. लहानखुरा मांसाहारी प्राणी, दोन पायांवर पळणारा, हलक्या हाडांचा, मोठ्या डोळ्यांचा.

बव्हेरियातला सांगाडा १८५० च्या दशकात योसेफ ओबरनडॉर्फर यांच्या हाती लागला. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर, जीव मात्र जीवाश्मांत अडकलेला. दगड नेमका कुठल्या खाणीतून आला, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बहुधा दुसऱ्या संग्राहकांना सुगावा लागू नये म्हणून. त्यामुळे नेमकी खाण कोणती यावर नंतर कितीतरी पानं खर्ची पडली.

ओबरनडॉर्फरनी तो दगड म्युनिकच्या आंद्रेआस वाग्नरना अभ्यासाला दिला. वाग्नरनी १८५९ मध्ये छोटी नोंद आणि १८६१ मध्ये सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं कॉम्प्सोग्नेथस लाँगिपेस. ग्रीकमध्ये कॉम्प्सोस म्हणजे सुबक आणि ग्नाथोस म्हणजे जबडा. लाँगिपेस हे लॅटिन, लांब पावलांचा. आता गंमत बघा. मांसाहारी डायनोसॉरचा इतका पूर्ण सांगाडा त्याआधी कुणी पाहिलाच नव्हता, आणि ज्यांनी तो पहिल्यांदा पाहिला त्यांना तो डायनोसॉर आहे हे कळलं नाही. वाग्नरनी त्याला सरड्यांच्या गोतावळ्यात बसवलं. त्यांना हसू नये. डायनोसॉर हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये काढला तो मेगालोसॉरस, इग्वानोडॉन अशा धिप्पाड जनावरांसाठी. कोंबडीएवढा प्राणी त्यात मोडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि हेच वाग्नर डार्विनचे कडवे विरोधक. १८६१ मध्ये बव्हेरियातल्याच चुनखडीत पिसांचे ठसे असलेला एक प्राणी सापडल्याचं त्यांच्या कानावर आलं. तो आपला आर्किऑप्टेरिक्स, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामधला दुवा मानला जाणारा. वाग्नरनी तो न पाहताच त्याला ग्रिफोसॉरस असं सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव देऊन टाकलं, वर डार्विनवाल्यांनो, याचा फायदा घेऊ नका असा इशाराही दिला. त्याच वर्षाअखेरीस ते वारले. पुढच्या दहा वर्षांच्या आत डार्विनचे खंदे समर्थक टॉमस हक्स्ली यांनी नेमके हेच दोन प्राणी शेजारी शेजारी मांडले आणि पक्ष्यांचं नातं डायनोसॉरशी लावलं. म्हणजे वाग्नर ज्याला दार लावत होते, त्याची एक किल्ली त्यांनीच घडवून ठेवली होती.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. बव्हेरियातल्या सांगाड्याच्या बरगड्यांमध्ये बारीक हाडांचा एक पुंजका आहे. ही हाडं कुणाची? १८८१ मध्ये अमेरिकेच्या ऑथनिएल मार्श यांनी अंदाज केला की हे पोटातलं पिल्लू असावं. म्हणजे मादी आणि तिचा गर्भ. १९०३ मध्ये फ्रान्झ नोप्चा यांनी म्हटलं, पिल्लू कसलं, हा गिळलेला सरडा आहे. १९७८ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी सगळा सांगाडा नव्याने तपासला आणि सरड्याची जातही ठरवली, बव्हेरिसॉरस. लांब शेपटीचा, लांब पायांचा, चपळ. म्हणजे खाणाराही तसाच चपळ हवा, डोळाही तीक्ष्ण हवा. ४० वर्षं सगळ्या पुस्तकांत हेच छापलं गेलं. मग २०१८ मध्ये जॅक कॉनराड यांनी सांगितलं की हा बव्हेरिसॉरस नाहीच, ही वेगळीच, आधी नाव नसलेली जात आहे. त्यांनी नाव ठेवलं शोनेस्माल डिस्पेप्सिया. पहिला शब्द जर्मन, अर्थ छान जेवण. दुसऱ्याचा अर्थ अपचन.

दगड तोच, हाडं तीच. आधी बाळ, मग सरडा, मग अमुक सरडा, मग तमुक सरडा. मला हे वाचताना फार मजा आली. तुमच्याकडे भर घालण्यासारखं असेल तर लिहा.

निशाचर

झकास धागा. वाचनखूण साठवली.

एक भर. नव्या जातीचं वर्णन ज्या एका नमुन्यावरून करतात त्याला होलोटाइप म्हणतात. कॉम्प्सोग्नेथसचा होलोटाइप हा दगड. आणि त्या सरड्याचा होलोटाइप त्याच्या पोटात. होलोटाइपच्या आत होलोटाइप. कॉनराड यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ही गंमत केली आहे.

सत्तरीतला_वाचक

छान लिहिलंय. नावाचा उच्चार मात्र जिभेला झेपेना. मी ग चा उच्चार करू की गाळू? आणि एक शंका. एवढ्या नाजूक हाडांचा सांगाडा १५ कोटी वर्षं टिकतो, तर मोठमोठ्या जनावरांचे सांगाडे अर्धेमुर्धेच का मिळतात? मला तर उलट अपेक्षा होती.

गारगोटी

काका, ग म्हणायचा. कॉम्प्-सोग्-नेथस असं तोडून म्हणा, जमतं. सरावाने मीही शिकले.

टिकण्याचं श्रेय हाडांचं नाही, जागेचं. त्या काळी तिथे उथळ उबदार समुद्र होता, मधूनमधून बेटं, आणि स्पंज-प्रवाळांच्या भिंतींनी अडवलेली खाजणं. अडलेल्या पाण्यात बाष्पीभवनाने खारटपणा वाढायचा. जास्त खारं पाणी जड, ते तळाशी बसायचं आणि त्याला प्राणवायू मिळायचा नाही. त्यामुळे तळाला मेलेलं जनावर खायला, कुरतडायला, चिखल उपसायला कुणीच नाही. वरून पिठासारखा बारीक चुन्याचा गाळ हळूहळू पडत राहायचा. बेटावरचा एखादा छोटा प्राणी वादळात वाहून त्यात बुडाला, की झाली त्याची पक्की नोंद. नाल-खेकड्यांच्या तर शेवटच्या पावलांची रांग आणि रांगेच्या टोकाला खेकडा, असे दगड आहेत तिथे.

हाच तो झोल्नहोफनचा बारीक पोताचा चुनखडक. आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमाराला शिळाछपाईचं तंत्र काढलं, ते या दगडावर. पुढे छपाईसाठी खाणी धडाक्याने चालल्या आणि कामगार प्रत्येक थर हाताने उकलून दोन्ही बाजूंनी पाहायचे. म्हणून इतके जीवाश्म नजरेस पडले. आर्किऑप्टेरिक्सच्या नावातलं लिथोग्राफिका तिथूनच आलं. शिळाप्रेस नसता तर हे सगळं अजून डोंगरातच पडून असतं.

खडूस_कासव

लेख चांगला आहे, पण काही ठिकाणी घाई वाटली.

१. दोनच सांगाडे, त्यात एक दुसऱ्यापेक्षा जवळपास दीडपट. दोन्ही एकाच जातीचे हे कशावरून?

२. लहानपणी एका चित्रात मी कॉम्प्सोग्नेथस पोहताना पाहिलाय, हातांच्या जागी वल्ही. ते काय होतं?

गारगोटी

कासवराव, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. लेखात ते गाळलं याची टोचणी होतीच.

फ्रान्सचा सांगाडा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कांज्वेर भागातल्या चुनखडकात मिळाला. १९७२ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्यांनी त्याला वेगळी जात ठरवलं, कॉम्प्सोग्नेथस कोरालेस्ट्रिस. कारण एक तर आकार मोठा, आणि दुसरं म्हणजे पुढच्या पायांपाशी दगडात दिसणारे ठसे. ते त्यांना वल्ह्यासारख्या पंजाचे वाटले. मग काय, डायनोसॉर पोहायला लागला आणि चित्रकारांनी त्याला पाण्यात सोडला. तुम्ही पाहिलेलं चित्र त्याच लाटेतलं असणार.

ऑस्ट्रमनी १९७८ च्या त्याच कामात हे दोन्ही मोडीत काढलं. वल्ही म्हणजे दगडावरच्या लाटा-सुरकुत्यांसारख्या खुणा होत्या, हाताशी त्यांचा काही संबंध नव्हता. आकाराचा फरक वयाचा. पुढे हा सांगाडा १९८३ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने घेतला आणि कारिन पायर यांनी २००६ मध्ये त्याचं बारकाईने पुनर्वर्णन केलं. त्यांचाही निष्कर्ष तोच, जात एकच. त्याच्याही पोटात छोट्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं आहेत. म्हणजे दोन सांगाडे, आणि दोघंही पोटभर जेवून मेलेले.

खडूस_कासव

दोन्ही पोटांत सरडेवर्गीय जेवण, हे पटण्यासारखं आहे. बाकी मान्य. 'वयाचा फरक' या शब्दावर मात्र मी परत येणार आहे.

दोन_पिल्लांची_आई

आमच्याकडे याला कॉम्पी म्हणतात, घरातल्या मोठ्या पिल्लाचा हा अत्यंत आवडता प्राणी. मी त्याला हा धागा वाचून दाखवला. त्याचं ठाम म्हणणं आहे की कॉम्पी झुंडीने येतात, माणसाला पाडतात आणि चावून चावून खातात. सिनेमात दाखवलंय म्हणे. काय सांगू?

निशाचर

सांगा की सिनेमावाल्यांना झुंड हवी होती, दगडात झुंड नाही. दोन सांगाडे, दोन वेगळ्या ठिकाणी, शेकडो किलोमीटर अंतरावर, प्रत्येक जण एकटा. झुंडीचा पुरावा म्हणायला अनेक सांगाडे एकत्र हवेत, किंवा एकाच दिशेने निघालेले पावलांचे ठसे. याच्याबाबतीत असलं काहीच नाही.

शिवाय दातांकडे बघा. बारीक, टोकदार, सरडे-किडे पकडायला उत्तम. पोटात सापडलेलं जेवणही तेवढंच, गिळता येईल असं. मोठ्या जनावराचे लचके तोडायची ही हत्यारं नव्हेत.

(पिल्लाचा हिरमोड झाला तर सांगा की ज्या बेटांवर हा राहायचा तिथे त्याच्याहून मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचा सांगाडा अजून सापडलेला नाही. म्हणजे आपल्या गल्लीतला वाघच.)

पळता_भुई

वेगाबद्दल कुणीच लिहिलं नाही? मी वाचलंय की हा ताशी ६४ किलोमीटरने पळायचा, शहामृगापेक्षा जास्त. दोन पायांवर पळणाऱ्यांत हाच अव्वल.

गारगोटी

तो आकडा २००७ चा आहे, सेलर्स आणि मॅनिंग यांचा. त्यांनी संगणकात सांगाड्याचं आणि स्नायूंचं मॉडेल बांधलं आणि ते जास्तीत जास्त किती वेगाने पळू शकेल ते संगणकालाच शोधायला लावलं. कॉम्प्सोग्नेथसला मिळाले सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे तुमचे ताशी ६४. त्याच पद्धतीत शहामृगाला १५.४, टी. रेक्सला ८ आणि माणसाला ७.९. टी. रेक्स आणि माणूस जवळजवळ बरोबरीत, यावर तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळे सजवले होते.

मला स्वतःला हा आकडा थोडा चढा वाटतो. स्नायू किती होते आणि कुठे बसलेले होते हे गृहीत धरावं लागतं, आणि तीन किलोच्या प्राण्यात तिथली थोडी चूकही उत्तर बरंच हलवते. चपळ होता हे पायांच्या लांबीवरून आणि पोटातल्या सरड्यावरून कळतंच, त्यासाठी ६४ ची गरज नाही. पण 'अव्वल' म्हणायला मी तयार नाही.

पळता_भुई

बरं. मग 'अव्वलपैकी एक' म्हणतो आणि पळतो.

रेघोट्या

मी चित्रं काढते, आणि सध्या एका मुलांच्या पुस्तकासाठी नेमका हाच प्राणी काढायचाय. तुम्ही सगळे हाडांवर बोलताय, माझं घोडं कातडीवर अडलंय. पिसं काढू की खवले? रंग कुठला? हाताला बोटं किती? जुन्या चित्रांत दोन, नव्या चित्रांत तीन.

निशाचर

बोटं तीन काढा. दोन बोटांचा गैरसमज बव्हेरियातल्या सांगाड्यामुळे झाला, त्याच्या हाताची हाडं विस्कटलेली आहेत. फ्रान्सच्या सांगाड्याने तिसऱ्या बोटाचा प्रश्न सोडवला.

कातडीचं जरा लांबलचक आहे. कॉम्प्सोग्नेथसच्या दोन्ही दगडांत पिसांचे ठसे नाहीत. पण त्याच्याशी खूप साम्य असलेला सिनोसॉरॉप्टेरिक्स १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमधून जगापुढे आला, तो पाठीवर दाट तंतू घेऊनच. पक्षी नसलेल्या डायनोसॉरवर पिसांसारखं आवरण पहिल्यांदा दिसलं ते याच्यावर. तो कॉम्प्सोग्नेथसनंतर अडीच कोटी वर्षांनी झाला, तरी घडण तीच. २०१० मध्ये त्या तंतूंमधल्या रंगकणांवरून रंगही काढला, तांबूस तपकिरी, शेपटीवर फिकट-गडद पट्टे. त्यामुळे बहुतेक चित्रकार कॉम्प्सोग्नेथसलाही तसंच आवरण देतात.

आता उलटी बाजू. बव्हेरियातच १९९८ मध्ये आणखी एक छोटा मांसाहारी सांगाडा सापडला, तोही पाऊण मीटरचाच. अंगावर पिसं निघणार या भरवशावर त्याला आधीच टोपणनाव दिलं बोर्स्टी. जर्मनीत राठ केसांच्या कुत्र्यांना देतात तसलं नाव. दगड साफ झाला आणि शेपटीवर निघाले खवले! २००६ मध्ये त्याचं बारसं झालं, जुराव्हेनेटर. पुढे अतिनील प्रकाशात पाहिलं तर खवल्यांबरोबर तंतूंच्याही अंधूक खुणा दिसल्या. म्हणजे दोन्ही.

रेघोट्या

म्हणजे अंगावर मऊ तंतू आणि पायांवर, शेपटीखाली खवले काढले तर कुणी मारणार नाही ना?

निशाचर

अजिबात नाही. कोंबडीच्या पायांवर काय असतं? खवलेच. रंग मात्र तुमचा तुम्ही निवडा, फक्त हिरवागार प्लास्टिकछाप नको. तो आम्ही खूप पाहिलाय.

गारगोटी

जाता जाता, हक्स्लींनी हा पेच आधीच हेरला होता. १८७६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात त्यांनी म्हटलं होतं की कॉम्प्सोग्नेथसला पिसं असल्याचा पुरावा नाही, पण ती असतीच तर त्याला पक्ष्यासारखा सरपटणारा प्राणी म्हणायचं की सरपटणाऱ्या प्राण्यासारखा पक्षी, हे ठरवणं मुश्कील झालं असतं. पिसांचे डायनोसॉर सापडायच्या १२० वर्षं आधी.

आणि हा गोंधळ प्रत्यक्षातही घडला. १९५१ मध्ये बव्हेरियातल्याच आइशटेटजवळ एक छोटा सांगाडा मिळाला. कितीतरी वर्षं तो लहान कॉम्प्सोग्नेथस समजला जात होता. १९७० च्या दशकात तिरक्या प्रकाशात पिसांचे फिके ठसे दिसले आणि कळलं की हा तर आर्किऑप्टेरिक्स! आणखी एका आर्किऑप्टेरिक्सचंही असंच झालं, १९८० च्या दशकात त्याची ओळख पटेपर्यंत तोही कॉम्प्सोग्नेथस म्हणूनच नांदत होता. पिसं झाकली की तज्ज्ञांनाही दोघांत फरक करायला वेळ लागतो, यातच हक्स्लींचं सगळं म्हणणं आलं.

सत्तरीतला_वाचक

मी कालपासून त्या दगडाचा फोटो न्याहाळतोय. मान पार मागे वळून डोकं पाठीला टेकलंय. बिचारा तडफडून मेला असणार. विष वगैरे?

गारगोटी

काका, हा प्रश्न अनेक डॉक्टरांनाही पडला. अशी मान धनुर्वातात किंवा मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास वळते, म्हणून २००७ मध्ये फॉ आणि पेडियन यांनी मांडलं की हे मरतानाच्या झटक्यांचं चित्र आहे. पण २०१२ मध्ये राइसडॉर्फ आणि वुट्के यांनी नेमके कॉम्प्सोग्नेथस आणि जुराव्हेनेटर घेऊन उलट बाजू मांडली. लांब मानेच्या प्राण्यांत मणक्यांच्या वरच्या बाजूने एक लवचीक अस्थिबंध जातो, ताणलेल्या रबरासारखा. जिवंतपणी मानेचं वजन त्याला खाली ओढून धरतं. मेल्यावर शरीर पाण्यात तरंगलं, वजनाचा भार गेला आणि स्नायू सडू लागले, की तो रबर मानेला आपल्याकडे खेचतो. त्यांनी सोललेल्या कोंबडीच्या माना पाण्यात ठेवून पाहिलं, तर त्या लगेच मागे वळल्या.

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. ज्या खाजणात हा प्राणी सापडला त्याच्याशी ते जुळतं. तेव्हा तडफडण्याचं दुःख नको, ते कलेवर नुसतं पाण्यात भिजत होतं.

खडूस_कासव

आता मी परत आलो. 'वयाचा फरक'.

बव्हेरियातला सांगाडा वयात न आलेला, हे सगळे म्हणतात. मग माझा साधा प्रश्न: फ्रान्सचा तरी पूर्ण वाढलेला आहे हे कशावरून? हे दोघं मिळून एखाद्या मोठ्या मांसाहारी डायनोसॉरची पोरं नसतील कशावरून? पिल्लं कुठल्याही जातीची असोत, मोठे डोळे, आखूड तोंड, बारीक दात, सगळी एकमेकांसारखीच दिसतात. 'छोट्या डायनोसॉरांचं कुळ' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतोय, ती नुसती पाळणाघरातली हजेरी असेल.

निशाचर

कासवराव, तुम्ही गंमतीत म्हणत असाल, पण ही कल्पना खरोखर मांडली गेली आहे. इटलीचे अँड्रिया काऊ गेली काही वर्षं हेच म्हणताहेत, की कॉम्प्सोग्नेथसच्या कुळात टाकलेले कितीतरी प्राणी मुळात वेगवेगळ्या मोठ्या मांसाहाऱ्यांची पिल्लं आहेत. इटलीतला सिपिओनिक्स घ्या, ज्याच्या दगडात आतडीसुद्धा टिकली आहेत. तो तर अंड्यातून नुकताच निघालेला. त्याला ते कारकॅरोडोन्टोसॉरसच्या अजस्र घराण्यात बसवतात.

आणि बव्हेरियातलंच उदाहरण हवं तर स्कियुरुमिमस. २०१२ मध्ये नाव मिळालं, अर्थ खारीची नक्कल करणारा, कारण शेपूट झुबकेदार. पाऊण मीटरचं पिल्लू. त्याचं वर्णन करणाऱ्यांनी त्याला कॉम्प्सोग्नेथसच्या नव्हे, तर मेगालोसॉरसच्या नातलगांत ठेवलं. मोठा झाला असता तर कित्येक मीटरचा झाला असता.

गारगोटी

इथे मी जरा पाय रोवून उभी राहणार. पिल्लं एकमेकांसारखी दिसतात हे खरं, सिपिओनिक्स पिल्लू आहे हेही खरं. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. सिनोसॉरॉप्टेरिक्सच्या एका सांगाड्यात पोटात अंड्यांची जोडी आहे. अंडी घालायला निघालेली मादी पिल्लू कशी? म्हणजे या घडणीचे, लहान आणि वयात आलेले प्राणी होते. कॉम्प्सोग्नेथस त्यातला नसेलच असं का धरायचं?

खडूस_कासव

अंड्यांवरून आठवलं. बव्हेरियातल्या कॉम्प्सोग्नेथसजवळही अंडी आहेत ना? मग वाद मिटला की. तोही वयात आलेला.

गारगोटी

मिटला असता तर बरं झालं असतं! तुमच्या हातात माझ्या बाजूचा पुरावा आणि मलाच तो नाकारायची वेळ.

दगडावर सेंटिमीटरभराच्या काही गोल खुणा आहेत. १९९३ मध्ये ग्रिफिथ्स यांनी त्या न घातलेल्या अंड्यांच्या असल्याचं म्हटलं. पण त्या शरीराच्या बाहेर पडलेल्या आहेत, आणि सिनोसॉरॉप्टेरिक्सच्या पोटातली अंडी या मापापेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे फारसं कुणी ते मानत नाही. गाळातले वायूचे बुडबुडेही तशीच गोल खूण सोडतात.

खडूस_कासव

स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच खोडणारा माणूस मला या संस्थळावर पहिल्यांदा भेटला. दंडवत. पाळणाघराचा मुद्दा मात्र सोडत नाही. हाडाचा पातळ काप घेऊन वाढीची वलयं मोजा, मग बोलू.

निशाचर

होलोटाइपचा काप? तो दगड सांभाळणारे म्युनिकवाले तुम्हालाच कापतील. हलकेच घ्या.

रेघोट्या

कच्चं रेखाटन झालं. दगडावर उभा, अंगावर तांबूस तंतू, तोंडात अर्धा सरडा, शेपूट बाहेर वळवळतेय. प्रकाशकांनी निरोप दिला की सरडा काढून टाका, मुलं घाबरतील.

गारगोटी

सरडा काढू नका!! त्या दगडातली सगळ्यात भक्कम माहिती तीच आहे. पिसं अंदाज, रंग अंदाज, वेग अंदाज, वय अंदाज. सरडा मात्र आहेच.

दोन_पिल्लांची_आई

मुलं घाबरत नाहीत, हे मी लेखी द्यायला तयार आहे. झुंडीचं ऐकून तोंड पाडून बसलेलं आमचं पिल्लू पोटातल्या सरड्यावर एकदम खूश झालं. काल रात्री दिवा मालवल्यावर विचारतं, "आई, सरड्याच्या पोटात काय होतं?" उत्तर मिळेपर्यंत झोपणार नाही म्हणाला. मी म्हटलं धाग्यावर विचारते.

खडूस_कासव

बहुधा किडे, असं सांगून झोपवा. पण त्या किड्यावर कुणी तिसरा होलोटाइप काढला, तर नाव ठेवायला आधी त्यालाच बोलवा.